माई ग्वेंझींचा बंद न झालेला तास

माई ग्वेंझींसारखी बाई अख्ख्या मास्विंगो प्रांतात नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मी शाळेची स्वयंपाकीण. त्यांचा वर्ग माझ्या चुलीला लागूनच, त्यामुळे बावीस वर्षांत धर्माचा एकही तास माझा बुडालेला नाही. बाईंच्या आजीच्या अंगात पूर्वज यायचे. त्यावरून लहानपणी बाईंना शाळेत उन्हात गुडघ्यांवर उभं करायचे. आता त्याच बाई मोठ्या वर्गांना बायबलही शिकवतात आणि पूर्वज, देवक, पाऊस मागायची रीतही, ताठ मानेनं.

त्या बुधवारी शाळा समितीचे अध्यक्ष झिवाई आले. चर्चमधलं बडं प्रस्थ!

"हे सैतानी धडे आजपासून बंद. माझी पोरगी याच वर्गात बसते! हेडमास्तर, काढा कागद, सही करतो."

हेडमास्तर लागले घाम पुसायला. बाई म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, मग करा सही."

वाढायला मी. असा संताप आला होता मेल्याचा! मक्याच्या पिठाच्या साड्झ्याच्या गोळ्याशेजारी मी मुद्दाम बैलाच्या हृदयाचं कालवण वाढलं. त्यांनी ताटच सरकवलं.

"आम्ही मोयो कुळातले! हृदय आमचं देवक. आम्ही नाही खात."

"अगं बाई! बायबलात लिहिलंय का हो तसं?" मी विचारलं.

"माझ्या बापानं सांगितलंय!"

"मी पण तेवढंच शिकवते, मोयो," बाई शांतपणे म्हणाल्या. "तासाला बसून तर बघा." माझ्याकडे मात्र त्यांनी असे डोळे वटारले, की मी गुपचूप कोंबडी वाढली.

जेवून झिवाई मागच्या बाकावर बसले. बाईंनी पाहुण्यांना पूर्वजांची नावं घेत कुळाची स्तुती म्हणायची विनंती केली. हे उठले ऐटीत. दोन ओळी झाल्या आणि गाडी अडली. चाळीस पोरं बघतायत. तेवढ्यात त्यांची लेक त्सुंगाई उभी राहिली.

"मी म्हणू का, बाबा?"

आणि तिनं म्हटलं की सगळं! पणजोबा, खापरपणजोबा, त्यांना पुरलं ती टेकडी. एक नाव चुकली नाही. मी दारात उभी, अभिमानानं नुसती फुलून गेले.

"कुणी शिकवलं हे?" झिवाईंनी विचारलं.

"बाईंनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या म्हणून सांगितलं होतं. मी आजीकडे गेले. पूर्वजांना बिअर वाहते म्हणून तुम्ही जिच्याकडे जात नाही ना, त्या आजीकडे."

झिवाई खाली बसले आणि तळवे जुळवून त्यांनी हळूहळू टाळ्या वाजवल्या. आमच्यात थोरांना वाजवतात तशा, स्वतःच्या लेकीला. सहीचं नाव कुणी काढलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "कशी आहे गं माझी आई?"