तीन ठोके

सुताराच्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण शोभलं. टोचायची ती नेमकी जागेवर. बाविसाव्या वर्षीही फळीवरच्या डब्यांची तोंडं एका दिशेला नसली, तर तिला घास उतरत नसे. गोंगाट झाला की ती कानावर जाडजूड हेडफोन चढवी. डॉक्टर स्वमग्नता म्हणाले होते. शेजारी काय काय म्हणाले, ते लिहून मी शाई नासत नाही.

तिच्यासारख्या सहाजणांना घेऊन एका ताईंनी नाटक बसवलं. टाचणी दीपगृहाची राखणदारीण. तालमी सुताराच्याच कारखान्यात. बाबा ठोकत, ती बोले. होता होता झालं असं, की तीन ठोके पडल्याशिवाय तिचं तोंडच उघडेना!

ताईंनी आधी कपाळाला हात लावला, मग खो खो हसल्या. "असू दे. दीपगृहाची दुरुस्ती चाललीय असं दाखवू. काका, तुम्ही विंगेतून ठोका."

झालं, बाबा नाटकात शिरले. दुसऱ्या दिवसापासून मिशीला पीळ!

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सभागृहाचे व्यवस्थापक आले. "पोरं अडखळली की प्रेक्षक अवघडतात हो. सगळे संवाद रेकॉर्ड करून आणलेत. यांनी नुसते ओठ हलवायचे. आणि ती ठोकाठोकी बंद."

"आवाज कुणाचा?" टाचणीने विचारलं.

"अगं, मोठ्या नटीचा!"

"मग तिलाच उभी करा."

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, बाळ."

"तुमच्या. अवघडता तुम्ही."

बाबांनी हसू खोकल्यात दडवलं. ताई तावातावाने भांडल्या, पण व्यवस्थापक "रेकॉर्डिंग नाही तर प्रयोग नाही," म्हणून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी पडदा वर गेला आणि स्पीकरमधून पाकात घोळलेला आवाज आला. टाचणीने ओठ घट्ट मिटले. वाक्यं तिची होती. चार महिने घोटलेली. आणि ती एका काळ्या खोक्यातून बाहेर पडत होती. ती सात पावलं चालली, वाकली आणि वायर उपटली.

"अगं ए, लाव ते परत!" व्यवस्थापक विंगेतून ओरडले.

"माझी वाक्यं मी बोलणार."

ती जागेवर येऊन उभी राहिली. कुणी खाकरलं, खुर्च्या कुरकुरल्या. ठोके काही पडेनात, कारण विंगेत व्यवस्थापक बाबांच्या हातोडीला दोन्ही हातांनी लोंबकळले होते.

टाचणी प्रेक्षकांकडे वळली. "थोडं अवघडा. ठोके पडायचेत."

लोक हसले, पण उठलं कुणी नाही.

तिकडे सुतार कसला हार मानतो! हातोडी दिली सोडून, पायातला जोडा काढला आणि हाणला फळीवर. टप. टप. टप.

टाचणीने कान टवकारले. बाबांचा जीव टांगणीला; हा ठोका तिच्या ओळखीचा नव्हता.

"आवाज वेगळा आहे," ती म्हणाली. "चालेल."

आणि मग, दोनदा अडखळत, पण अख्ख्या सभागृहाला पुरेल अशा आवाजात: "वादळ मोठं असेल. पण दिवा माझा आहे."

टाळ्यांचा कडकडाट उठला. तिने शांतपणे गळ्यातले हेडफोन कानावर चढवले आणि हात वर केला.

"आत्ता नाही. अजून दोन अंक आहेत."