आधी पोरीची थाप

मला आणि माझ्या पोरीला चर्चच्या आत नेलं ते ढोलकीवाल्या बाबांनी. मी नांदेडकडची, सातवीतच शाळा सुटलेली. घोडेगावात ओळखीचं कुणी नाही. गाणं एकदम उठलं की माझी न बोलणारी पोर कान दाबून किंचाळायची, म्हणून दर रविवारी आम्ही बाहेर चपलांपाशीच बसायचो.

एकदा बाबा ढोलकी घेऊन बाहेर आले. पोरीपुढं बसून म्हणाले, "आधी तू वाजीव, मंग आमी गातो."

मी घाबरले. "आत मधेच ओरडली तर?"

"वरडू दे की! निम्मे लोक उपदेशात घोरत्यात, त्यांना कोण बाहेर काढतंय?"

आता आम्ही आत बसतो; तिची थाप पडल्याशिवाय कुणी गाणं उचलत नाही आणि गाणं कधी उठणार हे ठाऊक असल्यानं ती कानही दाबत नाही. बाबांचं नाव विचारायचा धीर अजून झालेला नाही. पण त्यांच्या शेतातला कांदा काढायला आला की ही फेड म्हणून आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी वावरात हजर असू, हा माझा शब्द.