सोमवारचं खतखतं आणि 'खरं गोवन जेवण'

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

कोरगावच्या आमच्या घरी आईबाबा आणि मी पर्यटकांना स्वयंपाक शिकवतो. नारळ बाबा खवतात, वाटण आई करते, इंग्रजीत बडबड माझी. आज सोमवार, म्हणजे घरात मासळी नाही. म्हणून आईने पाच भाज्यांचं खतखतं शिकवलं. चौघी पाहुण्या तिरफळं हुंगत मस्त रमल्या होत्या.

तेवढ्यात त्यांना केरीच्या किनाऱ्यावरून घेऊन आलेला एजंट आईच्या तोंडावर म्हणाला, "मासे नाहीत? मग हे कसलं गोवन जेवण? यांना काहीतरी खरं दाखवा!"

आईचा डाव हातातच राहिला. बाबा खवायचे थांबले. मी भांडायला तोंड उघडणार, इतक्यात आईनेच त्याला विचारलं, "पुता, तू पार्सेचो मरे? तुझ्या आवशीन आज काय रांदलां?" पार्से आमच्या जवळचंच गाव; त्याच्या आईने आज काय रांधलंय, एवढंच तिने विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "मुगांची भाजी, काकी. सोमार न्हय आज?"

माझा राग अजून उतरलेला नाही. आपल्याच आईचं रांधलेलं आपल्याला खोटं वाटायला लागलं, तर पाहुण्यांना आपण शिकवणार तरी काय?

तुमच्या घरी आज काय रांधलंय? खरं सांगा.