बिराप्पा मिस्त्रीचे चाळीस ब्रेक

लढाईत तीन वर्षं लष्कराचे ट्रक हाकून आलेल्या जोतीरामला साताऱ्यात कुणी मोटारीचं शहाणपण शिकवावं, हे काही पटत नव्हतं. त्यातून बिराप्पा मिस्त्री मूळचा आष्ट्याचा, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा, शाळेची पायरीही न चढलेला. पण मोटारीला नवी ब्रेक लायनरं बसवली की हा म्हातारा अनवाणी स्टिअरिंगवर बसायचा. मेढ्याच्या रस्त्यावर चाळीस वेळा हलकेच ब्रेक लावायचा, मध्ये मध्ये चाकं गार होऊ द्यायचा आणि मगच गाडी ड्रायव्हरच्या हवाली करायचा.

"आवं मिस्त्री, उद्या सकाळी म्हाबळेश्वरास्नं वऱ्हाड खाली आणायचं हाय," शेजारी बसलेला जोतीराम कावला. "माझी अंबू अन् तान्हं पोर हाय त्यात. कवा उरकणार हे?"

"म्हणूनच म्हंतो, गप बस. नवं लायनर म्हंजे नवी सून. पयल्याच दिशी तिच्या डोईवर हंडा द्यायचा न्हाई गड्या."

बाराव्या खेपेला बिराप्पा थबकला. गाडी डावीकडे ओढतेय, हे त्याच्या तळपायाला कळलं होतं. जोतीरामला काडीचंही जाणवलं नव्हतं. म्हाताऱ्यानं उतरून उजव्या चाकाशी नाक नेलं.

"हळद," तो म्हणाला.

जोतीराम फिदीफिदी हसला. चाक उघडलं तेव्हा मात्र तो वाकून निरखू लागला. लायनर तेलानं माखलेलं, वर पिवळा डाग! मोटारीच्या मालकाच्या आईनं, हरणाबाईंनी, नवी वस्तू म्हणून बसवण्याआधीच मायेनं तेल-हळद लावली होती, तीही मानाच्या उजव्या चाकाच्या लायनरालाच. तेल प्यालेलं लायनर घाटात कुणाचं ऐकणार?

बिराप्पा हरणाबाईंना चकार शब्द बोलला नाही. त्यानं दुसरी लायनरं बसवली आणि मोजणी पुन्हा एकपासून धरली. या खेपेला जोतीरामनं मुकाट्यानं चाळीसच्या चाळीस मोजले.

दुसऱ्या दिवशी केळघरच्या घाटात, वळणापलीकडे बैलगाडी आडवी उभी होती. डाव्या हाताला दरी. जोतीरामनं ब्रेक दाबला. माणसांनी खच्चून भरलेली मोटार डावीकडे जराही न ओढता सरळ गेली आणि बैलांपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

जोतीरामनं हँडब्रेक ओढला. त्या अडाणी म्हाताऱ्याच्या तळपायात केवढी विद्या होती, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. मागं बायकांचं गाणं चालूच होतं. अंबूच्या मांडीवरचं पोर झोपेत हललंसुद्धा नाही.