चंपाषष्ठीला बंड्या जेवून गेला

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचते. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळावरून आलेली हाक... असलं काही आलं की मी चहाचा दुसरा कप घेऊन बसते. भूत, करणी, मुंजा यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि खरं सांगू? आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण मला राग आहे. नुसती भीती वाटली असती तर एव्हाना विसरूनही गेले असते. राग काही केल्या जात नाही.

हैदराबादला अंबरपेठेत आमची गल्ली होती. मेन रोडवरून पिठाच्या गिरणीपाशी आत वळायचं. समोरासमोर बसकी घरं, मधे शहाबादी फरशी आणि शेवटाला एक मोकळा प्लॉट, तीन बाजूंनी भिंत घातलेला. पुढे वाट नाही. एका घरात फोडणी पडली की समोरच्या घरात ठसका लागायचा, इतकं सगळं जवळ. आमची मराठी घरं पाच-सहा, मूळची नांदेड-परभणीकडची, निजामाच्या काळातच इकडे आलेली. बाकी तेलुगू मंडळी, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून रझिया खाला. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी, दोघीच. मी नामपल्लीला एका ऑफिसात नोकरीला होते.

केबल नुकती आली होती तेव्हा. गिरणीच्या गच्चीवर मोठी तबकडी बसवली होती आणि तिची वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी या घरावरून त्या घरावर गेलेली. बिल्डर लोक गल्लीगल्लीतून फिरायला लागले होते. बसकी घरं पाडा, अपार्टमेंट बांधू, प्रत्येकाला फ्लॅट देऊ. ज्यांच्या घरात कालपर्यंत चुलीचा धूर होता ते लिफ्टची भाषा बोलू लागले.

आणि आमच्या गल्लीत बंड्या होता.

बंड्या म्हणजे तांबडा, हाडकुळा गावठी कुत्रा. डावा कान अर्धा फाटलेला, शेपूट मधेच मोडून उजवीकडे वळलेलं. कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा. इतका नाठाळ कुत्रा मी जन्मात पाहिला नाही. जोडीतली एकच चप्पल न्यायचा, दोन्ही कधीच नाही. खालाच्या कोंबड्यांना दमवून दमवून सोडून द्यायचा. सत्यनारायणाच्या प्रसादात तोंड घालून झालं होतं त्याचं. एकदा ऐन मॅचच्या दिवशी त्याने केबलची वायर चावली आणि अख्ख्या गल्लीच्या टीव्हीवर मुंग्या आल्या. पुरुषमंडळी अशी चवताळली की विचारू नका. खाला त्याला दिवसभर "कमबख्त" म्हणायची आणि संध्याकाळी रोटीचा तुकडाही टाकायची.

शेवटी त्याने चूक केली ती बिल्डरच्या माणसाची पॅंट फाडायची.

गल्लीतले मोठे म्हणजे प्रल्हादकाका. बाबांचे मित्र, मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेले. अपार्टमेंटचं सगळं बोलणं तेच करत होते. आम्ही दोघी नांदेडला लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या गच्चीवर मीटिंग झाली म्हणे. आमच्या पाठीमागे मुद्दाम, कारण आई हो म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठून तरी कुत्री धरणारी माणसं बोलावली. आजूबाजूच्या गल्ल्यांनीही हात धुऊन घेतले. परत आलो तर सगळा भाग चिडीचूप. एक कुत्रं दिसेना.

"अगं, लांब सोडलंय त्याला, शहराबाहेर," काका मला म्हणाले. "मजेत असेल. वसू, तू उगं मनाला लावून घेऊ नको."

आई म्हणाली, "मग येईल परत. कुत्र्याला वाट सापडतेच."

आता या शहाण्या मंडळींनी काय घोळ घातला ते ऐका. आमची सगळी मराठी घरं खंडोबाची. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, चातुर्मासात सोडलेलं कांदा-वांगं त्या दिवशी पुन्हा सुरू. आणि नैवेद्य आधी कुत्र्याला, कारण खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. कुत्र्याने तोंड लावल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. वर्षानुवर्षं हा मान बंड्याचा. आणि यांनी ऐन चंपाषष्ठीच्या तोंडावर गल्ली कुत्र्यांपासून साफ केली! एकाच्याही डोक्यात आलं नाही. फ्लॅटच्या आनंदात कुलदैवत विसरले.

चंपाषष्ठी उजाडली. तळी उचलली, येळकोट झाला, भंडारा उधळला. आईने केळीच्या पानावर भरीत, रोडगा, पातीचा कांदा वाढला, शेजारी दिवा लावला आणि पान पायरीवर ठेवलं. बाकीच्या घरांनीही आपापल्या उंबऱ्यापाशी पानं मांडली. थोडा वेळ वाट पाहिल्यासारखं केलं आणि आत जाऊन जेवायला बसले. देवाला चालतं म्हणे.

माझ्या आईला चालत नव्हतं. आणि माझी आई मधुमेही, सकाळीच इन्शुलिनचं इंजेक्शन घेऊन बसलेली. दरवर्षी भरताचा वास सुटायच्या आत बंड्या पायरीवर हजर असायचा, त्यामुळे कधी अडलंच नव्हतं.

"आई, तू जेवून घे."

"येईल गं ते. येईस्तोवर थांबायचं."

"आणि नाही आलं तर?"

"जिवंत आहे ना? मग त्याचा घास त्याचाच. त्याच्या आधी मी खाणार नाही."

दुपार चढली. आईला घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. मी साखरेचा डबा घेऊन बसले तर तिने दात आवळले. खाला धावत आली. "आपा, शक्कर तो खा लेव! अल्ला माफ करता. पसीना कायकू आरा इत्ता?" आई फक्त मान हलवत होती. त्या क्षणी मला आईचाही असा संताप आला की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. देवाला तुझा जीव हवाय का, असं मी ओरडलेदेखील.

खालाला आईजवळ बसवलं आणि मी पळाले. कुठलंही कुत्रं चालेल, एक कुत्रं द्या. गिरणीमागे पाहिलं, मटणाच्या दुकानापाशी पाहिलं. एरवी तिथे पायात पायात यायची. एक नाही! मागच्या गल्लीतल्या नव्या अपार्टमेंटमधे एकीकडे पांढरा पॉमेरियन होता, तो हातापाया पडून आणला. त्या केसाळ राजकुमाराने पानाचा वास घेतला, शिंकला आणि मान फिरवली. त्याची मालकीण म्हणाली, "ये बैंगन-वैंगन नै खाता मॅडम. ब्रेड-दूधिच खाता." तशा परिस्थितीतही मला वाटलं, दोघांनाही नाल्यात ढकलावं.

गल्लीत फोन फक्त प्रल्हादकाकांकडे. तिथून डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, आधी साखर द्या, मग आणा इकडे, वेळ घालवू नका. मी फोनवर रडत सांगतेय, "डॉक्टर, ती तोंडच उघडत नाही. कुत्रा जेवल्याशिवाय घेणार नाही म्हणते." काका समोर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं. पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत पेपर वर केला.

"येईल की," म्हणाले. "बघ अजून थोडी वाट."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी घरी आले. आईचे डोळे मिटायला लागले होते. खालाने तिचे हात धरले, मी जबडा दाबून साखर घालायला बघतेय, साखर सगळी पदरावर सांडतेय... आणि पायरीवर दिवा उपडा पडल्याचा आवाज झाला.

बंड्या!

पानात तोंड खुपसून उभा होता. अंगभर वाळलेली माती. तोच फाटका कान, तेच मोडकं शेपूट. नेहमीसारखं पान पायरीवरून ओढून त्याने फरशीवर पाडलं, कारण सभ्यपणे जागेवर जेवणं त्याला कधी जमलंच नाही. रोडगा चावल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला. कराकरा.

"आ गया कमबख्त!" खाला रडत रडत ओरडली.

आईने विचारलं, "खाल्लं का?"

"खाल्लं, आई."

तिने स्वतः तोंड उघडलं. मी मूठभर साखर घातली, मग साखरपाणी पाजलं, मग रोडग्याचे घास. हळूहळू तिच्या अंगाची थरथर थांबली. खाला तिला वारा घालत बसली आणि मी बाहेर आले. बंड्याने पान चाटून पुसून लख्ख केलं होतं आणि गल्लीच्या आतल्या बाजूला निघाला होता. मी आणखी एक रोडगा घेऊन मागे गेले.

दारोदार नैवेद्याची पानं मांडलेलीच होती. त्याला बघून एकेक जण बाहेर आला. "ये बंड्या, ये राजा!" च् च् करताहेत, हात जोडताहेत. मीटिंगला गच्चीवर बसलेले हेच सगळे. प्रसादात तोंड घालणारा तो कुत्रा, पण एकाही पानाला त्याने नाक लावलं नाही. मान खाली घालून सरळ चालत राहिला. भुंकला नाही, शेपूट हलवलं नाही. प्रल्हादकाकांच्या पत्नी पान हातात घेऊन पुढे आल्या. काका त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी बंड्याला पाहिलं, बायकोला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

बंड्या टोकाच्या प्लॉटमधे शिरला. मी चार पावलं मागे असेन. आत गेले तर कुणी नाही. तीन बाजूंना पुरुषभर उंच भिंती, मधे गाजरगवत. हाका मारल्या, भिंतीकडेने पाहिलं. काही नाही.

मग मी काकांचं दार बडवलं.

"आला ना तो? तुम्ही दार का लावलंत?"

काकांचा चेहरा पडलेला. "तो तो नव्हता, वसू."

"फाटका कान मला कळत नाही?"

"अगं तो कसा येईल..." ते खाली बसले. "गाडीत घालतानाच गेला होता तो. तारेचा फास जास्त आवळला. त्या प्लॉटमधे मीच पुरलंय त्याला. माती मी टाकली."

ऐकताय ना? हा माणूस झोपाळ्यावर बसून माझं फोनवरचं रडणं ऐकत होता. कुत्रा मेलाय हे त्याला ठाऊक होतं. एवढं एक वाक्य बोलला असता तर आईने नैवेद्य गाईला दिला असता आणि जेवली असती. पण मग गल्लीत आपलं नाव खराब झालं असतं ना! म्हणून म्हणाला, येईल की, बघ वाट. माझी आई डोळ्यांसमोर जात होती आणि हा मला मेलेल्या कुत्र्याची वाट बघायला सांगत होता. बाबांचा मित्र!

मी म्हटलं, कुदळ घ्या आणि चला. अख्खी गल्ली मागे आली. त्यांनीच जागा दाखवली. वर गवताचे कोंब आलेले, माती कुणी हलवलेली नव्हती. थोडं खणल्यावर वास आला आणि मग तांबडे केस दिसले. गळ्यात तार. मोडकं शेपूट. कान पाहायला मी थांबले नाही. तो खालाने पाहिला आणि तोंडाला ओढणी लावून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बघते तर त्या मातीवर हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. छोटंसं देऊळ बांधायचं चाललंय म्हणाले, सगळे मिळून. काकाच पुढे. मी हार उचलून त्यांच्या दारात फेकला आणि ओरडून सांगितलं की पुन्हा इथे कुंकू दिसलं तर एकेकाच्या तोंडाला काळं फासेन. देऊळ झालं नाही. पुढे अपार्टमेंट मात्र झालं. आम्ही फ्लॅट घेतला नाही, दिलसुखनगरला राहायला गेलो. प्रल्हादकाकांशी मी शेवटपर्यंत बोलले नाही. त्यांच्या मयतीलाही गेले नाही.

लोक म्हणतात, दुसरं तसंच दिसणारं कुत्रं असेल. असेल. त्या दिवशी त्या भागात एक कुत्रं नव्हतं, हे मी माझ्या पायांनी फिरून पाहिलं होतं. कुणी म्हणतं, तुम्ही दोघी घाबरलेल्या, भास झाला. मग ते पान कुणी चाटलं? भास रोडगा खातो का? आणि गल्लीभर हात जोडून उभी राहिलेली ती माणसं काय बघत होती?

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. ती म्हणायची, खंडोबाने पाठवलं त्याला, त्यात एवढं काय! तिचा प्रश्न मिटला होता. माझा वेगळाच आहे, आणि तो कुणाला विचारावा कळत नाही. इतक्या जणांनी मिळून गळा आवळला, वर माती टाकली, आणि तरी तो आमच्या गल्लीत आला, माझ्या आईचा जीव वाचवायला.

त्याच्या जागी मी असते तर आले नसते.