लाँड्रीतला सगळ्यात जुना माणूस

माझा मोठा भाऊ लाँड्रीत बॉयलर सांभाळतो. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं त्याच्या वाफेवर चालतं. सव्वीस वर्षं तो त्या तळघरात आहे. काटा न बघता नुसत्या आवाजावरून दाब सांगतो, आणि मग काट्याकडे असा बघतो, जणू परीक्षा काट्याचीच आहे. वय एकोणपन्नास, पण डोकं पार पांढरं आणि चेहरा वाफेने सुरकुतलेला.

गेल्या महिन्यात लाँड्री एका परक्या कंपनीने घेतली. नव्या साहेबाला मराठी येत नाही. तो एकेकाला बोलावणार, इंग्रजीत विचारणार आणि निम्म्यांना घरी पाठवणार, असं कळलं. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीचा दमा, मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, आणि या वयात दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार? आठ दिवस त्याला धड घास गेला नाही. नवव्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आला. मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते.

"मास्तरीणबाई, वाचवा आता," म्हणाला.

साहेब माणसांचं वय विचारतो, यंत्रांचंही विचारतो, असं त्याने ऐकलं होतं. म्हणून मी वयाचेच शब्द घेतले. माणूस यंग, मिडल-एज्ड, एल्डरली. वस्तू न्यू, यूज्ड, वॉर्न-आउट. ओल्ड मात्र दोन्हीकडे. यावर दादा खवळला.

"आपल्याकडे काकडी जून होते, पाव शिळा होतो, सदरा जुना होतो, माणूस म्हातारा होतो. आणि यांचं माणसाला नि सदऱ्याला एकच? काय कंजूष लोक आहेत!"

आम्ही पोट धरून हसलो. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

उठता उठता त्याने विचारलं, "मी इथला सगळ्यात जुना माणूस आहे, हे कसं सांगू?"

दारात पुढच्या वर्गाची पोरं चपला काढत होती. माझं अर्धं लक्ष तिकडे. "ओल्डच म्हण की," मी म्हणाले. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मुलाखतीहून आला तो हवेतच. "साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांग. मी छाती काढून सांगितलं, आय ॲम ओल्ड मॅन, सर. व्हेरी ओल्ड. मोस्ट ओल्ड इन लाँड्री. ते म्हणाले, रिअली? मी म्हटलं, येस सर, आस्क एनीबडी!"

साहेबाला जुना नव्हे, म्हातारा कळलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. तोंडाने मात्र "छान" म्हणाले. भित्री मेली.

दुसऱ्या दिवशी शिकवण्या बंद ठेवून मी लाँड्रीत गेले. साहेब भला माणूस. खुर्ची दिली, ऐकून घेतलं. दादाला अनुभवी म्हणायचं होतं, मी सांगितलं. आमच्याकडे जुना माणूस म्हणजे ज्याच्यावाचून अडतं तो. चूक त्याची नाही, शिकवणारीची आहे.

"तो दमलेला दिसला," साहेब म्हणाला. "मला वाटलं, त्यालाच सुटका हवी आहे." घरी पाठवायच्यांची यादी, दादाच्या नावासकट, आदल्या संध्याकाळीच वर गेली होती.

मी रडत विनवण्या करत होते, तेवढ्यात दादा आत आला. बहीण आली आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हातात तेलकट फडकं तसंच. काय झालं, त्याने विचारलं. मला खोटं सुचेना. सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी म्हातारा आहे, हे मीच सांगितलं?"

"मी शिकवलं, दादा."

"तीनदा सांगितलं," तो म्हणाला. "पाठ करून गेलो होतो ना."

तो साहेबाकडे वळला. मग मला म्हणाला, "तू सांग."

"सांगितलं."

"परत सांग. नीट सांग."

मी परत सांगितलं. साहेबाने मान खाली घातली आणि नाही म्हणाला. ते दादाला मराठीत सांगावं लागलं नाही.

"तू घरी जा," दादा मला म्हणाला. या आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. दाब बघायची वेळ झाली होती, म्हणून तो खाली गेला.

मी फाटकाशी बसून राहिले. सुटीचा भोंगा झाला, इस्त्रीवाल्या बाया बाहेर आल्या, गाडीवाले आले. दादाची वाट बघत किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी रखवालदारच म्हणाला, "ताई, ते केव्हाच गेले. मागच्या दाराने."