सोजरबाईच्या छत्तीस काठ्या

कुरुळीच्या रस्त्याकडेला सोजरबाई आणि तिचा नवरा किसन बांबू विकत. दोघं उदगीरकडची. मुलांचं एक शिबिर भरवणाऱ्या निशिगंधाताईंनी तिला शंकूच्या आकाराच्या तीन हलक्या तंबूंसाठी काठ्या सांगितल्या. सोजरबाईनं अख्खा ढीग उपसून छत्तीस निवडल्या. कोवळा बांबू वाळताना सुरकुततो, म्हणून जून तेवढेच घेतले, एकेक डोळ्याशी धरून सरळ आहे का पाहिला. मग चार दिवस ती पेरांवरच्या गाठी तासत बसली.

"पेर खडबडीत राहिलं की पावसाचं पाणी तिथंच अडतंय अन् आत गळतंय, ताई," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी गणराज आला. त्याच रस्त्यावर पुढे त्याची बांबूची मोठी वखार होती आणि या पट्ट्यात बांबूचं काम दुसऱ्या कुणी घेतलेलं त्याला खपत नसे. बरोबर दोघे, हातात लोखंडी गज.

"शिबिराचं काम आमचं हाय. सांगितलं व्हतं ना?"

"ताईंनी मला दिलंय," सोजरबाई तासता तासता म्हणाली.

त्यानं मान हलवताच गज काठ्यांवर पडू लागले. तासलेले बांबू उभे चिरत गेले. किसन आडवा आला. कानशिलावर गज बसला आणि तो सालपटांत तोंडावर पडला. कानातून रक्त आलं. गणराजनं पडलेल्याच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक.

सोजरबाईच्या हातात कोयता होता. कोयत्यानं माणूस मरेल, एवढं भान तिला होतं. तो टाकून तिनं बांबूचा एक जाड बुडखा उचलला आणि गणराजच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो कोसळला तरी ती थांबली नाही. हातावर, खांद्यावर, पाठीवर मारत राहिली. त्याची माणसं पळाली. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्या कोंडाजीनं तिला मागून धरून ओढलं.

"सोजराक्का, मरंल त्यो."

"मरू दे," ती म्हणाली, आणि तिथंच बसून ओकली.

गणराज वाचला, पण पाय कायमचा आखडला. किसनचा डावा कान बहिरा झाला. गुन्हे दोन्हीकडून नोंदले गेले. कोंडाजीनं पोलिसांना पाहिलं तसंच सांगितलं, गणराज पडल्यावरही ती मारत होती हेसुद्धा. किसन कोंडाजीवर चिडला, तेव्हा सोजरबाईच म्हणाली, "खोटं काय बोलला त्यो? थांबलेच न्हाई मी."

अकरा दिवसांनी ती जामिनावर सुटली. तोवर शिबिर होऊन गेलं होतं. दोघांनी पुन्हा तिथंच बांबू मांडले. हल्ली गणराज काठी टेकत समोरून जातो. तो वळणाआड होईपर्यंत सोजरबाई हातातला कोयता खाली ठेवून बसते, आणि ते भीतीनं की कशानं, तिला अजून कळलेलं नाही.